स्टुटगार्टला शिफ्ट होतोय, मुलगी साडेसात, मुलगा तीन, सासूबाई बडोद्यातच राहणार. आधी काय काय बघून ठेवू?

मांजलपूरकर

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस इथलं वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

मिस्टरांना स्टुटगार्टला नोकरी लागली, ते पुढे गेलेत, ब्लू कार्डवर आहेत, म्हणजे शिकलेल्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यावर. आता आमच्या तिघांचाही व्हिसा आला आणि ऑगस्टमध्ये निघायचं ठरलंय. घर भाड्याने मिळालंय, तीन खोल्यांचं, मला वाटलं तीन बेडरूम, तर हे म्हणाले हॉल धरून तीन. किचन म्हणजे नुसती खोली, ओटा-शेगडी काही नाही, ते आपणच बसवायचं.

मुलगी साडेसात वर्षांची आहे. घरात मराठी, खाली सोसायटीत सगळं गुजराती, शाळेत इंग्लिश, टीव्हीवर हिंदी, आणि आता जर्मन. तिला एक शब्द येत नाही आणि ती मुळातच नवीन लोकांत गप्प होते. रोज रात्री विचारते की माझ्याशी तिकडे बोलणार कोण, आणि माझ्याकडे उत्तर नसतं. मुलगा तीनचा, त्याला काही कळत नाहीये, तो विमानात बसायला मिळणार म्हणून खुश आहे. मी अकाउंट्सला आहे, टॅली, जीएसटी रिटर्न्स हेच काम गेली कितीतरी वर्षं, ते सोडून जायचंय, तिथे मला काय काम मिळेल देव जाणे.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे सासूबाई. सत्तरीच्या पुढच्या आहेत, दांडिया बाजारच्या जुन्या घरात एकट्या असतात, सासरे नाहीत. आम्ही दर शनिवारी-रविवारी तिकडेच असतो, मुलीला तर आजीच्या हिंचक्याशिवाय झोप येत नाही. त्या म्हणतात तुम्ही जा, माझी काळजी करू नका. पण त्या असं म्हणतात म्हणून आपली काळजी थोडीच थांबते. त्यांना पुढे कायमचं नेता येतं का? आणि शाळेचं, सामानाचं, कागदांचं जे कोणी यातून गेलंय त्यांनी सांगा, सगळं चालेल, बारीकसारीक पण.

नेकारकाठ

अभिनंदन आणि धीर धर. आम्ही वाघोडिया रोडचे, आता बरीच वर्षं स्टुटगार्टच्या जवळच आहोत, तेव्हा तुझं जवळपास सगळं आमच्याकडे होऊन गेलंय असं समज.

सगळ्यात आधी पत्ता. नवीन घरात राहायला गेलात की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची, आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाकडून सही केलेला एक फॉर्म लागतो, तो मिस्टरांना आत्ताच मागून ठेवायला सांग, आणि अपॉइंटमेंट पण तू निघायच्या आधी घेऊ दे, ऑगस्टमध्ये अर्धं ऑफिस सुट्टीवर असतं. ही नोंद झाल्याशिवाय पुढचं काही हलत नाही, शाळा पत्त्यावरून ठरते, मुलांचे टॅक्स नंबर त्या पत्त्यावर पोस्टाने येतात, आणि त्या नंबरावर मुलांचा भत्ता मिळतो, किंडरगेल्ड, २०२५ मध्ये दर मुलामागे महिना २५५ युरो होता. पगार कितीही असला तरी मिळतो. अर्ज उशिरा केला तर मागचे जास्तीत जास्त सहाच महिने देतात म्हणून लांबवू नका. दारावरच्या पाटीवर आणि पत्रपेटीवर आडनाव लावायला विसरू नका, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत घेऊन जातो आणि तिथे सगळं जग पत्रावर चालतं.

नावाचं एक बघून घे. आपल्याकडे गुजरातमध्ये मुलांच्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात वडिलांचं नावही घुसवलेलं असतं, तुझ्यात मिस्टरांचं असेल. तिकडे ते सगळं मिळून तुमचं पहिलं नाव धरतात. त्याने बिघडत काही नाही, पण जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पासपोर्ट तिन्हीकडे स्पेलिंग एकच हवं. वेगळं असेल तर महानगरपालिकेतून दुरुस्त करून इंग्लिशमधला नवीन दाखला काढूनच निघ, तिकडून ते करायला फार त्रास पडतो.

मुलांचं ममता कार्ड, म्हणजे गुजरातमधलं लसीकरणाचं कार्ड, नक्की आण आणि डॉक्टरांकडून लसींची यादी इंग्लिशमध्ये, सही-शिक्क्यासकट करून घे. २०२० पासून तिथे गोवराच्या लसीचा पुरावा दाखवल्याशिवाय बालवाडीत घेत नाहीत आणि शाळेतही मागतात, तुझ्या दोघांच्या वयाला दोन डोस लागतात. इन्शुरन्सची काळजी नको, मिस्टर सरकारी विम्यात असतील तर तू आणि मुलं जास्तीचा हप्ता न देता त्यात येता. डॉक्टर मात्र आपल्यासारखे लगेच औषध देत नाहीत. ताप आला तर पाणी पाजा, झोपू द्या, तीन दिवसांनी या. सुरुवातीला राग येतो मग सवय होते. तुमची रोजची काही औषधं असतील तर तीन महिन्यांपुरती आणता येतात, प्रिस्क्रिप्शन बरोबर ठेव.

रविवारी सगळी दुकानं बंद, खरेदी शनिवारी उरकायची. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही, म्हणजे चटणीचा मिक्सर पण शनिवारी. आणि आपल्या भागात केरवोखे आहे, पाळीपाळीने प्रत्येक भाडेकरूने जिना, कधी कधी बाहेरचा फूटपाथ झाडायचा. तुमची पाळी आली की दारावर छोटी पाटी लटकते. हे नीट करा, पहिल्या आठवड्यापासून करा. शेजारच्या आजी तुमच्याशी बोलतील की नाही ते बरंचसं जिन्यावर ठरतं. आमच्या बिल्डिंगमधल्या आजींशी आमची ओळख अशीच झाली आणि पुढे त्यांनीच माझ्या मुलाला सायकल शिकवली.

रावपुरा_जुना_रहिवासी

बेटा, मी दुसऱ्या बाजूचा आहे. मुलगा, सून, दोन नातवंडं नेदरलँड्सला, आम्ही दोघं इथे रावपुऱ्यात. तुमच्या सासूबाईंबद्दल वाचलं म्हणून लिहितो.

कायमचं नेण्याबद्दल तुम्ही विचारलंत. जर्मनीत १ मार्च २०२४ पासून नियम बदललाय, त्या तारखेनंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परमिट मिळालं ते आई-वडिलांना बोलवू शकतात. तुमच्या मिस्टरांचं ब्लू कार्ड नवीन आहे म्हणजे ते त्यात बसतात. पण अट अशी की खर्च आणि आरोग्यविमा पूर्ण तुमचा, आणि सत्तरीच्या माणसाला तिथल्या सरकारी विम्यात घेत नाहीत, खाजगी विमा फार महाग पडतो. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचं तिथेच अडलंय. तेव्हा हे लगेच धरून चालू नका. भेटीचा व्हिसा सोपा आहे, १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतो, पण जुन्या दुखण्यांना तो बहुतेक वेळा लागू होत नाही, शुगर-बीपी असेल तर पॉलिसी नीट वाचा.

आता जे मला सांगायचंय ते. त्यांना तिकडे यायचं आहे का हे त्यांना समोर बसवून विचारलंत का? आमच्या मुलाने आमच्यासाठी सगळं ठरवून टाकलं होतं, खोलीसुद्धा सजवली. आम्ही पहिल्या वेळी पूर्ण तीन महिने राहिलो. घर सुंदर, सून लेकीसारखी, पण दुपारी चार वाजता खाली उतरलं तर ओळखीचं माणूस नाही, भाजीवाली नाही, देवळात कोणी काय काकू म्हणणारं नाही. माझी बायको महिन्याने खिडकीत बसून राहायला लागली. आता आम्ही दरवर्षी दीड महिनाच जातो, मे-जूनमध्ये, बडोद्याचा उन्हाळा टळतो आणि तिकडे तेव्हा रात्री नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. त्यात आम्हाला मजा येते. दांडिया बाजारात ज्यांची हयात गेली त्यांचं माणसांचं जाळं तिथेच असतं, ते तोडून तुमच्याजवळ आणलं तर सगळं ओझं तुमच्या एकटीवर येईल आणि त्यांच्यावरही.

इथली सोय मात्र कागदावर पक्की करून जा. वीजबिल, घरवेरा म्हणजे घरपट्टी, गॅसची नोंदणी हे सगळं कोणाच्या फोनवर येतं ते बघा, मुलाच्या इथल्या नंबरवर येत असेल तर तो नंबर चालू ठेवा, बंद झाला की बँकेचा ओटीपीसुद्धा बंद. मुलाच्या नावावर काही असेल तर निघण्याआधी विश्वासू नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करा. तुमची दोघांची सेव्हिंग खाती एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांची, करावी लागतील, पीपीएफ असेल तर मुदत संपेपर्यंत चालवता येतं पण नवीन उघडता येत नाही. सासूबाईंची मेडिक्लेमची कॉपी आणि डॉक्टरांचा नंबर शेजारच्या घरी द्या. एक चावी पण.

आणि फोन. रोज एका ठरलेल्या वेळी करा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. मुलगी शाळेतून दीड-दोनला आली की इथे पाच ते साडेसहा, तीच वेळ चांगली, रात्रीचा फोन म्हातारी माणसं जागून काढतात आणि सांगत नाहीत. काय जेवलात काय नाही हे दोन मिनिटांत संपतं. फोन टेबलावर उभा करून ठेवा, नात गृहपाठ करेल, आजी भाजी निवडेल, बोललंच पाहिजे असं नाही. आमच्या घरी असंच चालतं आणि त्या अर्ध्या तासाची आम्ही दिवसभर वाट बघतो.

मांजलपूरकर

काका, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. खरंच, आम्ही त्यांना नीट विचारलंच नाहीये, आम्ही आपापसातच ठरवत होतो. ह्या शनिवारी बसून बोलते.

नेकारकाठ, ममता कार्ड आणि स्पेलिंगचं कोणीच सांगितलं नव्हतं, माझ्या मॅरेज सर्टिफिकेटमध्ये खरंच एक अक्षर वेगळं आहे, उद्याच जाते. मुलीच्या शाळेबद्दल कोणी सांगेल का? इंटरनॅशनल स्कूलची फी बघून आम्ही तो विषय सोडला.

फतेहगंज_ते_उल्म

सोडलात ते बरंच केलंत, सरकारी शाळा चांगल्या आहेत आणि फी नाही. माझ्या दोन्ही मुली तिथेच गेल्या म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आपल्या राज्यात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी बऱ्याच प्राथमिक शाळांत तयारीचा वर्ग असतो, सगळे त्याला फाउ-का-एल म्हणतात. तिथे सीरिया, युक्रेन, तुर्कस्तान, भारत, कुठकुठली मुलं असतात, कोणालाच जर्मन येत नसतं, आणि त्यामुळे तुझी लेक एकटी पडणार नाही. चित्रकला, पीटी, गणित यांना हळूहळू नेहमीच्या वर्गात बसवतात. तुमच्या पत्त्याच्या शाळेत हा वर्ग नसेल तर जवळच्या शाळेत मिळतो, मिस्टरांना आत्ताच शाळेला ईमेल करायला सांग, कारण जुलैच्या शेवटी तिथे शाळा बंद होतात त्या थेट सप्टेंबरच्या मध्याला उघडतात.

ती गप्प राहील. हे आधीच मनाशी धर म्हणजे घाबरणार नाहीस. नवीन भाषेत टाकलेली बरीच मुलं काही महिने बोलतच नाहीत, नुसती ऐकतात, त्यात आजार काही नाही. माझी मोठी मार्गशीर्षापर्यंत शाळेत तोंड उघडत नव्हती, मान हलवायची नाहीतर बोट दाखवायची, बाई मला बोलवायच्या, मी घरी येऊन रडायचे. बाई मात्र शांत होत्या. त्यांनी एकच सांगितलं की घरी तुमची भाषा चांगली बोला, आमची जर्मन इथे आम्ही बघतो. आणि तेच खरं होतं, ज्या मुलाला घरच्या भाषेत गोष्ट नीट सांगता येते त्याला दुसरी भाषा पकडायला सोपं जातं. तुटक्या जर्मनमध्ये घरी बोलायला जाऊ नका, त्याने दोन्ही भाषा कच्च्या राहतात.

आणि एक विचार कर, तुझ्या मुलीला गुजराती कोणी शिकवली? कोणीच नाही ना, खाली खेळता खेळता आली. आपण बडोद्याचे मराठी लोक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलोय, गायकवाडांबरोबर आलेली घरं अजून घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलतात, त्यात कोणाला दडपण येत नाही. तेच तिला सांग. तिला म्हण, तू हे एकदा केलंयस. म्हणून जमेल तेवढं खेळायला सोड. दुपारी शाळा सुटल्यावर मैदान, जिम्नॅस्टिक्सचा क्लब, पोहणं, क्लबांची फी फार नसते. वाक्य तयार करायची गरज नसते अशा जागी भाषा पटकन येते.

निघायच्या आधी तिला चार वाक्यं मात्र घोकून घे. मला बाथरूमला जायचंय, मला कळलं नाही, मला दुखतंय, माझं नाव अमुक. बाकी नको. ही चार आली की बाकीचा दिवस निभतो.

डबा गार असतो, फेस्पर म्हणतात, दहाच्या सुमाराला खातात. थेपले द्या, पोळीचा रोल द्या, काकडी-गाजर द्या. चॉकलेट, गोड बिस्किटं शाळा नको म्हणते. पहिल्या दिवशी कोणी नाक मुरडलं तर घाबरू नको, आठवड्याभरात माझ्या मुलींच्या थेपल्यांची वाटणी व्हायला लागली.

धाकट्याचं अवघड आहे, खरं सांगते. तीन वर्षांच्या मुलाचा बालवाडीच्या जागेवर कायद्याने हक्क आहे, पण जागाच कमी पडतात. शहराच्या साईटवर आजच नाव घाला. जागा मिळाली तरी सुरुवातीचे दोन-चार आठवडे तुला त्याच्याबरोबर तिथे बसावं लागेल, रोज थोडं थोडं सोडत न्यायचं असतं. घाई करणाऱ्या आई-बाबांवर बाई नाराज होतात. तो काळ तू कामासाठी धरू नकोस.

पुन्हा_अलकापुरी

मी चार-पाच वर्षं म्युनिकजवळ राहून परत आले, म्हणून तुझ्याबद्दल लिहिते कारण सगळे मुलांचं आणि सासूबाईंचंच लिहिताहेत.

ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला पहिल्या दिवसापासून काम करायची परवानगी असते. पण अकाउंट्स तिकडे पूर्ण जर्मनमध्ये चालतात, टॅलीच्या जागी डाटेव्ह नावाचं सॉफ्टवेअर आणि त्यांचा टॅक्स कायदा. तेव्हा बी-वन, बी-टू या मधल्या पातळ्यांपर्यंत भाषा आली तरच दार उघडेल. मोठ्या कंपन्यांच्या इंग्लिश ऑफिसात कधी जागा निघतात पण त्या भरवशावर राहू नको. सरकारी इंटिग्रेशन कोर्सला विचार, त्यात भाषेचे ६०० तास असतात, नाहीतर फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्या माणसांच्या शिकवणीच्या संस्थेत जा, तिथली फी परवडते. मुलगा बालवाडीला लागला की सकाळचा कोर्स लगेच सुरू कर, उद्या परवा करत राहिलं की वर्ष जातं. मिस्टरांना पण आत्ताच सांगून ठेव की संध्याकाळी आठवड्यातून दोनदा मुलं त्यांच्याकडे.

मला तिथे सगळ्यात जड गेलं ते हे की दिवसभरात माझ्या नावाने मला कोणी हाक मारत नव्हतं. इथे ऑफिस होतं, भाऊबीज होती, खंडेराव मार्केटमधला भाजीवाला पण बेन म्हणून थांबवायचा. तिथे मी नुसती कोणाची तरी आई नाहीतर बायको. कोर्सला जायला लागले, एक इराणी आणि एक ब्राझिलियन मैत्रीण झाली, मोडक्या जर्मनमध्ये आम्ही तासन्‌तास बोलायचो, आणि मग घर घर वाटायला लागलं. मराठी मंडळं आहेत, जरूर जा, पण फक्त मराठी मंडळात राहू नको.

आणि अ‍ॅक्टिव्हावर जीव असेल तर ऐक, आपलं लायसन्स तिकडे सहाच महिने चालतं, पुढे लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. बस-ट्राम चांगली आहे, आधी तीच वापर.

नेकारकाठ

सामानाचं राहिलं होतं. मिक्सर आणा, करंट आपल्यासारखाच २३० व्होल्ट, फक्त पिन बदलायची. किचन बसवताना काचेची शेगडी घेताय की इंडक्शन ते आधी ठरवा, इंडक्शनवर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, स्टीलचा सपाट बुडाचा घ्या. तवा पण सपाट. फुलके आचेवर फुगवता येणार नाहीत, जाळी घेऊन या.

दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस युरोपियन युनियनच्या बाहेरून सामानात आणू देत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, श्रीखंड इथेच ठेवा. ताजा कढीपत्ता पण नाही. तिथे बिनमिठाचं लोणी मिळतं, त्याचं तूप उत्तम होतं, आणि क्वार्क नावाचा चक्क्यासारखा प्रकार प्रत्येक दुकानात असतो, फडक्यात तासभर टांगला की श्रीखंड. गोडा मसाला, मेतकूट, छुंदो, लीलो चेवडो आणि भाखरीचं जाडं पीठ हे मात्र आणा. कणीक इंडियन दुकानात मिळते, जाड्या पिठासाठी मी अजून शोधतेय. मुलीच्या मराठी गोष्टींच्या पुस्तकांना पाच किलो राखून ठेव, मसाले कमी झाले तरी चालतील.

मांजलपूरकर

सगळ्यांचे खूप खूप आभार. अपडेट देते. शनिवारी सासूबाईंशी बोललो. त्या म्हणाल्या की मला कायमचं नाही यायचं, पण पुढच्या मे महिन्यात येईन, आणि येताना मुलांच्या शाळेचा कार्यक्रम असेल त्या तारखा बघून तिकीट काढा. शेजारच्या वहिनींना चावी दिली. मुलीला गुजरातीचं सांगितलं तर ती विचारात पडली आणि म्हणाली, पण तेव्हा मी लहान होते. तरी चार वाक्यांचा कागद तिनेच फ्रिजवर लावलाय.

अजून एकच. सप्टेंबरात शाळा उघडायच्या आसपासच गणपती. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, ह्यांच्या आजोबांपासून. मूर्ती नेता येते का, आणि विसर्जन कुठे करता तुम्ही लोक?

फतेहगंज_ते_उल्म

शाडूची छोटी, वीतभर उंचीची, कपड्यात गुंडाळून हँडबॅगेत आण, आम्ही दर वेळी अशीच आणतो. नदीत सोडू नका, घरीच बादलीत करायचं, माती विरघळली की कुंडीत घालायची. आरतीला टाळ वाजवणार असाल तर खालच्या-वरच्या शेजाऱ्यांना दोन दिवस आधी चिठ्ठी टाका आणि प्रसादाला बोलवा, दहाच्या आत उरका. मोदकाचं पीठ माझ्याकडे आहे, तू नको आणूस. पत्ता मेसेज कर.